हसण्याचा जुर्म

पाटोद्याच्या बाजारात मिरच्या विकून आम्ही नवरा-बायको परत निघालो होतो. तेवढ्यात पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा घोडा बुजला आणि साहेब थेट वांग्यांच्या ढिगात जाऊन बसले. निजामाच्या राज्यात अमीन म्हणजे ठाण्याचा फौजदार, लहान नवाबच. सगळा बाजार हसला आणि लगेच गप्प झाला. मला मात्र हसू आवरेना. दोन पोलीस जवानांनी मला बखोटीला धरलं आणि ठाण्यात नेऊन कोंडलं.

"कायकू हंसा बे?" एकानं विचारलं. खरं सांगावं तर पुन्हा हसू येईल, म्हणून मी छताकडं बघत बसलो.

बायको रडत बसली नाही. तडक वकिलाकडं गेली आणि त्याला घेऊनच ठाण्यात आली. वकिलानं गजाआडून मला विचारलं, "मारलं का?"

"न्हाई."

"कोऱ्या कागदावर अंगठा घेतला?"

"न्हाई."

"मग देऊ बी नको."

मग तो अमीनसाहेबांकडं वळला. "हुजूर, जुर्म कोणता? तेवढा लिहून द्या."

"ये हंसा!"

"कशाला हसला, तेबी लिहावं लागंल."

कारकुनानं भोळेपणानं टाक शाईत बुडवला. "लिहू का, हुजूर? घोड्यावरून..."

"खामोश!" साहेब ओरडले. घटकाभरानं मला सोडून दिलं.

मला घर गाठायचं होतं. वकील म्हणाला, "आता तहसीलदाराकडं तक्रार कर. न्हाईतर उद्या दुसऱ्याला धरतील."

"जाऊ द्या की," मी म्हणालो.

"कावून जाऊ द्यायचं? चोरी केली का तुमी?" बायको म्हणाली आणि पुढं चालू लागली. वकिलापेक्षा मला तिचाच धाक जास्त.

तहसीलदार लई गंभीर माणूस. मी हात जोडून सगळं सांगितलं. वांग्यांपाशी आलो तसा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. "जरा परत सांग. नीट ऐकू आलं नाही." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर बायकोनंच सांगितलं, हातवारे करून.

मग त्यांनी अमीनसाहेबांना बोलावून आमच्यादेखत बजावलं, "हसणं हा जुर्म नाही. पुन्हा असं कुणाला धरलंत तर वर कळवीन." साहेब मान खाली घालून "जी" म्हणाले. मला त्यांची थोडी दयाच आली.

पुढचे कितीतरी बाजार साहेब पायीच हिंडत. समोर आले की मी सलाम करायचो. तेही करायचे, पण बायको बरोबर असली की रस्ता बदलायचे.