एकेचाळीस जबाब आणि माझा रविवारचा बॅकअप

फाटक त्यानं लावलं. जबाब मी घालवले. दोन्ही गोष्टी लिहायच्या तर दुसरी आधी लिहिली पाहिजे, नाहीतर आमच्या पत्रकांना काही अर्थ नाही.

रिहे खोऱ्यातली एक पाणंद. भाताच्या खाचरांमधून डोंगराकडे जाते, दोन बैलगाड्या शेजारून निघतील एवढी रुंद. फार्महाऊसवाल्यानं तिला दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं ठोकली आणि ‘खाजगी मालमत्ता’ असा फलक टांगला. तेव्हापासून शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरांना जनावरं डांबरी सडकेनं न्यावी लागतात. त्या सडकेवर मोकळी हवा खायला आलेल्या गाड्या कशा पळतात, ते इथल्या कुणालाही विचारा.

आम्ही पाच-सहा जणांनी पत्रकं वाटली, वाट मोकळी करून मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज केला, मग वेबसाइट काढली. ती बांधून दिली आमच्यातल्याच एकानं. हिंजवडीत कंपनीत आहे, सगळे त्याला दादा म्हणतात. बांधाबांधाला जाऊन लोकांचे जबाब मी घ्यायची: वाट किती जुनी, कोण कोण तिथून गेलं. माणूस बोलेल तसं तिथंच उभं राहून मोबाइलवर टाइप करायची. कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. कागद भिजतात, गहाळ होतात, दाबले जातात, हे बैठकीत हात आपटून मीच सांगितलं होतं. एकेचाळीस जबाब साइटच्या डेटाबेसमध्ये जमले, आणि आम्ही तो आकडा पुढच्या पत्रकावर मोठ्या टायपात छापला.

बॅकअप माझ्याकडे होता. दादानं एक बटण दाखवलं होतं. दाबलं की सगळा तक्ता एका फाइलीत उतरायचा. दर रविवारी मी तो उतरवायची. आणि नुसता उतरवून गप्प बसणाऱ्यातली मी नव्हे. फाइल उघडायची, वरपासून खालपर्यंत मराठी नीट दिसतंय का बघायची, आणि सेव्ह करून बंद करायची. सेव्ह करताना इंग्रजीत एक इशारा यायचा: या प्रकारच्या फाइलीत काही गोष्टी टिकणार नाहीत, तरी चालेल का? मी ‘यस’ दाबायची. दर रविवारी. एकदाही थांबून वाचलं नाही, की बाई, कुठल्या गोष्टी टिकणार नाहीत?

अर्जाच्या सुनावणीला चार दिवस उरले होते आणि आमच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती नाचायला लागल्या. दादाचा फोन आला.

“कुणीतरी आत घुसलंय. सगळं पुसून नव्यानं टाकतो. बॅकअप आहे ना?”

“विचारतोस काय! दर रविवारी घेते.”

“उघडून बघितलायस?”

“प्रत्येक वेळी.”

त्यानं पुसलं. मग माझी फाइल चढवली. पडद्यावर एकेचाळीस ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीत नुसती प्रश्नचिन्हं. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, गावाच्या जागी प्रश्नचिन्हं, अर्धं पान बोललेल्या माणसाच्या जागी अर्धं पान प्रश्नचिन्हं. आकडे तेवढे शाबूत: गट नंबर, तारीख, फोन नंबर.

“उघडून सेव्ह केलंस ना, तिथं गेलं,” दादा म्हणाला. “फाइल बंद होईपर्यंत पडद्यावर मराठी दिसतं. आत मात्र पुसलेलं असतं. तू तपासलं नसतंस तर वाचलं असतं. पहिली उतरवलेली प्रत कुठंय?”

“तिच्यावरच सेव्ह करायची.”

“मागच्या रविवारची?”

“तशीच.”

साइट ज्याच्या सर्व्हरवर होती, त्या होस्टिंगवाल्याकडेही प्रत नव्हती. सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये ती नसते. तेही मीच निवडलं होतं.

मग फोन. नंबर माझ्यापुढे आणि तो कुणाचा ते ठाऊक नाही. “मी पाणंदीवाली बोलतेय, आपण कोण?” असं विचारलं की पलीकडून यायचं, “फोन तू केलास, आन मीच सांगू व्हय मी कोन?” तीन दिवसांत सतरा जबाब परत मिळाले. बाकीचे कुठं लग्नाला, कुठं कामावर, कुणाला कंटाळा. कंटाळा आलेल्यांवर मी चिडलेसुद्धा. काय अधिकार होता मला?

खरा हवा होता तो एक जबाब. पाणंदीला लागून ज्याचं शेत, त्या बागायतदाराचा. ‘माझ्या आज्यापासून ही वाट वहिवाटीची हाय,’ असं त्यानं मला चहा पाजून सांगितलं होतं. मी त्याच्या ओट्यावर गेले. या वेळी चहा आला नाही.

“मी असं म्हनलोच न्हाई.”

“काका, इथंच बसून बोललात.”

“दाव की मंग. लिवलंय ना तुज्या त्या साइटीवर?”

मी मोबाइल पुढे केला. त्यानं चष्मा लावला, प्रश्नचिन्हांच्या ओळी खालीवर सरकवून बघितल्या, आणि घरात हाक मारून बायकोला बाहेर बोलावलं. “हे बघ गं! हितं तर सगळं हीच इचारतीया. मी कुटं काय बोललोय?” दोघंही हसली. नंतर कळलं, त्याची पलीकडची जमिनीची पट्टी फार्महाऊसवाल्यानं आधीच विकत घेतली होती.

दादा म्हणाला, “तुला त्याचा जबाब पाठ आहे. टाइप कर. खोटं तर काही नाही त्यात.” मी केला. शब्द न् शब्द तोच, जुनी तारीख, जुना नंबर. मग पुसला. फार्महाऊसवाला गावभर सांगत फिरतोय की जबाब ही पोरगी घरी बसून लिहिते. त्याला मी खरा का ठरवू?

सुनावणीत तहसीलदार साहेबांनी आमचं पत्रक उचललं. “यावर एकेचाळीस. इथं सतरा. आणि हद्दीवरचा मालक यात नाही.”

“बाकीचे माझ्या चुकीनं गेले,” मी म्हणाले.

फार्महाऊसवाल्याचा वकील हसू दाबायच्या भानगडीतही पडला नाही. पुढची तारीख पडली. तोवर फाटक आहे तसं.

त्या सतरा जणांतली एक मावशी कचेरीत आली होती. तिच्या वीस-बावीस शेळ्या. ती पाणंद म्हणजे तिचा रोजचा रस्ता. जबाब दुसऱ्यांदा देताना तिनं अट घातली होती: “कागदावर लिव, मला वाचून दाव, आन एक कागद माज्यापाशी ऱ्हाऊ दे. तुजं मशीन तुला लखलाभ.” बाहेर आल्यावर तिनं तो कागद घडी घालून कमरेला खोचला आणि शेळ्यांकडे निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर सडकेवर गेले. शेळ्यांच्या पुढे मी, मागे ती. वळणावर एक मोठी गाडी हॉर्न दाबत आली आणि अंगावरच थांबली. मी हात आडवा धरला. काच खाली आली.

“रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मावशी बोलली.

“ह्यो न्हाई. पलीकडचा हाय. थितं फाटक लावलंय, म्हून हितनं आलोय. थांब आता शेळ्या जाईस्तवर.”