सिनेमातल्या बाईला ओरडलो ती दुपार

दोन हजार चोवीस साल होतं आणि माझं वय बहात्तर. शाळेच्या दाखल्यात दोन वर्षं कमी लागली आहेत, पण दाखला मास्तरनं लिहिला, जन्म आईनं दिला. तेव्हा आईचं खरं धरायचं. शाळा तिसरीपर्यंत. त्यानंतर तेलंगणात, आदिलाबादजवळ मावल्याच्या शिवारात भाजीचा मळा, तो आजपर्यंत.

घरात आम्ही दोघंच, मी आणि नात. तिचे आईबाप, माझा मुलगा अन् सून, अपघातात गेले तेव्हा ती रांगत होती. तिला माझ्या म्हातारीनं, तिच्या आजीनं वाढवलं, आणि म्हातारी गेल्यावर तिनं मला सांभाळलं. नर्सिंग शिकली, आदिलाबादेत एका खासगी दवाखान्यात लागली. ड्यूटीवर जायच्या आधी माझ्यासोबत बसून मेथीच्या जुड्या बांधायची. हात माझ्यापेक्षा चपळ.

मग तिनं जर्मनीचं काढलं. तिकडं नर्सा पाहिजेत, आधी त्यांची भाषा शिकायची, परीक्षा द्यायची, मग ते लोक नेतात. बसस्टँडकडं एका दुकानाच्या माडीवर वर्ग चालायचा. शिकायला माझी ना नव्हती. जायला होती.

"मळा कोन पाहील? जुड्या कोन बांधील?" मी म्हणायचो. "इथं काम हाय, घर हाय, दोन टाइमचं खायला हाय. काय कमी हाय तुले?"

ती वाद घालत नसे. परीक्षा पास झाली तरी पुढचं पाऊल टाकेना. माझ्या तोंडून हो निघायची वाट पाहत होती. आणि वर्गाच्या सरांना तर पक्कं सांगायची वेळ आली होती, जाणार का नाही.

तेवढ्यात सरांनी एका रविवारी दुपारी वर्गात सिनेमा ठेवला. पोरी जिथं जाणार तो देश घरच्यांनीही पाहावा म्हणून आम्हालाही बोलावलं. मी लगेच हो म्हटलं. एक सिनेमा पाहून हा म्हातारा वळतो असं कुणाला वाटत असेल, तर वळत नाही हे समोर बसून दाखवावं, एवढ्यासाठी गेलो.

खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. पोरी, त्यांच्या आया, दोनतीन बाप. मला पुढची खुर्ची मिळाली. सर आधी तेलुगूत बोलले, मग माझ्याकडं पाहून हिंदीत. नात कानाशी बसून, जे कळायचं राहिलं ते मराठीत सांगत होती. सर म्हणाले, त्या देशाचे एकेकाळी दोन तुकडे होते. एका तुकड्यात समाजवादी सरकार. काम सरकार देणार, घर सरकार देणार, दवाखाना फुकट. पण सोडून जायचं नाही. हद्दीवर तार, शिपाई, बंदुका, तरीही लोक पळायचे.

"मंग चांगलं सरकार होतं की," मी म्हटलं. "आमच्या जवानीत लाल झेंडेवाले येऊन हेच सांगत. त्या राज्यातून लोक पळाले काऊन?"

मागून एक बाई बोलली, कुणाची तरी आई. "काका, पाहा तर आधी."

"पाहूनच राह्यलो."

सिनेमात तीन तरणी पोरं, दोन पोरगे आणि एक पोरगी. तिघंही एका कारखान्यात. पोरीला गाणं शिकायचं होतं, तिला मशीनवर बसवलं होतं. लहान पोरगा सारखा हसायचा. मोठा फार बोलायचा नाही. त्याची आई होती, एकटी, माझ्यासारखी उंच अन् वाळकी. तिघांनी नदी पोहून पलीकडं पळायचं ठरवलं. घरी सांगायचं नाही, कारण घरच्यांना माहीत होतं असं कळलं तर शिपाई त्यांनाच धरणार.

त्या दिवशी मोठा पोरगा सकाळी उठला. आईनं पाव वाढला, तो त्यानं खाल्ला, कप धुऊन ठेवला. थंडी मोठी होती, तरी कोट खुंटीवरच राहू दिला. इथंच जवळ गेला असं तिला वाटावं म्हणून. दारात थोडा थांबला. आई कामात होती, तिनं मान वर केली नाही. तो पायऱ्या उतरला आणि त्या बाईनं झाडू उचलला.

आमच्यात माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. आमची म्हातारी तर उंबऱ्यावरचा पाचोळासुद्धा हलू देत नसे. आणि ही बाई थेट दारातून, त्याच्या पावलांवरूनच झाडू फिरवत होती.

मी उठून उभा राहिलो. "अवो बाई, झाडू नका! पोरगं आताच गेलं! ठेवा तो झाडू!"

सगळा वर्ग हसला. सरांनी सिनेमा थांबवला. भिंतीवर ती बाई वाकलेलीच राहिली. "क्या हुआ, दादाजी?" सरांनी विचारलं.

नातीनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "आबा, तो चालला हे तिले मालूम नाही."

"मालूमच नाही?"

"नाही ना."

"काका," मागची बाई म्हणाली, "जर्मनीपर्यंत आवाज जाते काय तुमचा?" पुन्हा हशा झाला. मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. त्या दिवशी घेतलं. माझं लक्ष त्या झाडूवरच होतं.

पुढं ते नदीत उतरले. गोळ्या सुटल्या. हसणारा पोरगा पाण्यातच राहिला. पोरगी अन् मोठा पोरगा पलीकडच्या काठाला लागले. मग दोन शिपाई त्या आईकडं आले, मुलगा कुठं आहे म्हणून. कामावर गेला, ती म्हणाली, संध्याकाळी येईल. ते म्हणाले, तो हद्द ओलांडून गेला, आता येणार नाही. ती रडली नाही. उठली, खुंटीवरचा कोट काढला, बाह्या सरळ केल्या आणि त्या शिपायांसमोर धरला. हा तिकडं पाठवता येईल का, एवढंच तिनं विचारलं. शिपायांनी टोप्या घातल्या आणि निघून गेले. कोट धरलेला तिचा हात तसाच होता, आणि सिनेमा संपला.

चादरी काढल्या. पोरी डोळे पुसत होत्या. सर माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. जिना उतरून आम्ही ऑटोसाठी रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

"त्या पोराले काय कमी होतं?" मी विचारलं.

"कमी काही नव्हतं, आबा."

"मंग?"

"जावंसं वाटलं असंल."

"त्यानं विचारलं असतं तर मायनं जाय म्हनलं असतं काय?"

"म्हनलं असतं. पन विचारायची सोयच नव्हती ना त्याले."

ऑटो येत नव्हता. ती रस्त्याकडं पाहतच बोलली, "मी काही तसं करनार नाही, आबा. तुमी नाही म्हनसान तर राहीन. उद्या सरले सांगून देते, नाही जात म्हनून."

किती दिवस मी हेच ऐकायला बसलो होतो. तिनं ते देऊन टाकलं, आणि मला घेववेना. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. ऑटोत बसल्यावर तिनं विचारलं, उद्या वरच्या वाफ्यातली मेथी काढायची का खालच्या. मी वरची म्हटलं. नीट ऐकू आलं नसेल तिला, तिनं पुन्हा विचारलं, आणि मी हातानंच वर म्हणून खुणावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा ती वाफ्यात बसून मेथी उपटत होती. मी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, त्याच्या शेताच्या बांधावर गेलो. हा माणूस माझ्या मुलाच्या वयाचा. अर्धा मळा बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर कसायला द्या म्हणून कधीपासून मागत होता, आणि दर वेळी मी त्याला, मी मेल्यावर ये, असं सांगून परतवून लावत होतो. माझ्या मातीला दुसऱ्याचा हात मी कधी लागू दिला नाही.

"अर्धा मळा कर या हंगामापासून," मी म्हटलं.

तो हातातलं काम सोडून उभा राहिला. "काऊन काका? तब्येत बरी नाही काय?"

"तब्येतीले काय धाड भरली? नात जर्मनीले चालली माही."

मुद्दाम मोठ्यानं बोललो. वाफ्यातला तिचा हात थांबला, तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. तिच्याकडं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द परत घेतला असता. शेजाऱ्याला म्हटलं, चाल, पाण्याचा पाट कुठं फुटते ते पह्यले दाखवतो, आणि त्याला घेऊन विहिरीकडं निघालो.