एका नंबराच्या पंधरा खेपा

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक मात्र तारीखवार लक्षात आहे, कारण त्यात माझी बेरीज चुकली होती. नावे कोणाचीच देत नाही. संबंधित माणसे डिचोलीच्या बाजारात अजून भेटतात आणि चहा पाजतात.

खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. मी ठाण्याचा निरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना एक ट्रकमालक आला. पांढरा शर्ट, हातात फाइल, चेहऱ्यावर काळजी.

"साहेबानू, तिठ्यावर एक चेडू बसता. आमच्या गाड्यांचे नंबर लिवन घेता. तीन आठवडे झाले."

"कोणाची मुलगी?"

"हळर्णची म्हणतत. पण तिका कोणी तरी बसयल्यान आसा. उद्या खंडणी मागतीत. ह्या थांबवक होया."

तक्रार दखल घेण्यासारखी होती. नंबर, वेळा, भरलेली गाडी की रिकामी, असे कोणी टिपून ठेवत असेल तर त्याचा उपयोग करणारे त्या काळी कमी नव्हते. स्टेशन डायरीत नोंद केली, तक्रारदाराला बाहेर बाकावर बसवले आणि हवालदार व महिला शिपाई यांना तिठ्यावर पाठवले.

दोन खाणींचे रस्ते त्या तिठ्यावर एकत्र होतात आणि पुढे एकच रस्ता नदीवरच्या जेटीपर्यंत जातो. तिथे काजूच्या झाडाखाली ती मुलगी बसलेली सापडली. तोंडाला ओढणी, मांडीवर वही, आणि खाणीच्या धुळीने नखशिखांत लाल. पळून जाण्याचा प्रयत्न तिने केला नाही. उलट चौकशीसाठी यायला सांगितले तेव्हा "ही गाडी जाऊ द्या, मग येते," म्हणाली आणि गाडी लिहून मगच उठली.

महिला शिपाई समोर ठेवून मी विचारपूस सुरू केली.

"कोणासाठी लिहितेस?"

"एम.कॉम.च्या प्रबंधासाठी, सर. गुंतवणुकीवरचा परतावा. कर्ज काढून घेतलेला ट्रक, बँकेतली ठेव आणि कंपन्यांचे शेअर, यांत कुटुंबाला जास्त काय मिळालं ते काढायचंय. कंपनी भांडवलावरचा परतावा काढते ना, तसा मी एकेका ट्रकचा काढते. मालक सांगतात ते आकडे खरे नसतात, म्हणून खेपा मोजते."

हवालदार दारात उभा होता. तो म्हणाला, "ट्रक गेलो, ट्रक इलो, ह्या लिवक कॉलेजात धाडतत? माझो चेडो तर गॅलरीत बसान फुकट मोजता."

मी वही ताब्यात घेतली. तेव्हा मात्र तिचा आवाज बदलला.

"सर, शुक्रवारी सबमिशन आहे. त्यापूर्वी मार्गदर्शकांची सही झाली नाही तर माझं वर्ष जाईल. ते आधीच सही करत नाहीत. म्हणतात, एका ट्रकचे आकडे खोटे आहेत. तो गाळला तर तीस ट्रक भरत नाहीत, आणि तीस पाहिजेतच."

"खोटे म्हणजे?"

तिने पिशवीतून टंकलिखित तक्ता काढला. बाकी गाड्यांच्या दिवसाला सात-आठ खेपा. एका गाडीच्या पंधरा. परताव्याच्या रकान्यात ती गाडी अशी चमकत होती, की पाहणाऱ्याला घर विकून ट्रक घ्यावासा वाटेल.

आकडा दिसला की मी पडताळून पाहतो. घरी गॅसचा सिलिंडर किती दिवस चालला हेही मी लिहून ठेवतो. यावरून बायको काय म्हणते ते इथे लिहिण्याचे कारण नाही. मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडले. भरणे, वजनकाटा, जेटी, परत येणे, मिळून दीड तास. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, आठ खेपा. नववी शक्य नाही.

"तुझी मोजणी चुकली," मी म्हणालो.

"नाही चुकली, सर. मी चहालासुद्धा उठत नव्हते."

तिच्या म्हणण्यावर माझा विश्वास बसला नाही, तरी मूळ वही पाहिली. टंकलिखित तक्त्यात नसलेला एक रकाना तिथे होता: ट्रकच्या काचेवर रंगवलेले नाव. नंबरपाटी धुळीने भरलेली असते, लांबून नाव आधी दिसते, म्हणून ती दोन्ही लिहीत असे. पंधरा खेपांच्या गाडीपाशी कधी एका मुलीचे नाव होते, कधी दुसऱ्या मुलीचे. दहा वाजून दहा मिनिटांनी एका नावाची गाडी भरून जेटीकडे गेली होती. दहा वीसला त्याच नंबराची, दुसऱ्या नावाची गाडी भरून तिच्या मागे.

तक्रारीच्या फाइलशी नंबर ताडून पाहिला, तर ती गाडी बाकावर बसलेल्या तक्रारदाराचीच निघाली. त्याला आत बोलावले.

"मुलं किती?"

"दोन चेडवां, साहेबानू."

"नावं?"

त्याने कौतुकाने सांगितली. वहीत तीच दोन होती. मी वही त्याच्याकडे फिरवली. तो बराच वेळ वाचत राहिला. मग मी न सांगताच खुर्चीत बसला.

दुसरी गाडी परराज्यातून भंगारात घेतलेली, नोंदणी नाही, कर नाही, विमा नाही. पहिलीच्याच नंबराची पाटी लावून दुसऱ्या खाणीवर घातलेली. या खाणीवरच्याला ती माहीत नाही, त्या खाणीवरच्याला ही. दोन्ही दिसतील अशा जागी दिवसभर कोण बसणार?

हवालदाराला राहवेना. "अरे, पाटी एक केलंस, मगे नाव पण एकच घालूचा."

"पयला थोरलीचाच घातलंय दोनांवर," तो म्हणाला. "धाकट्या चेडवान दोन दिस जेवण सोडल्यान. तिच्या आवशीन भांडी आपटल्यान. आरटीओक फसवक येता, हवालदारानू. घरात खंय चलता ता?"

पंचांसमक्ष दोन्ही गाड्यांचे चॅसी क्रमांक तपासले, पंचनामा केला, गुन्हा नोंदवला. पुढे कोर्टाने दंड केला आणि त्याने तो भरला.

प्रश्न उरला मुलीचा. तिची वही आता पुरावा झाली होती आणि मुद्देमालात जमा झाली होती. ती परत देणे नियमात बसत नव्हते. मी तसे सांगितल्यावर तिने बोटांवर शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजले. शेवटी तिला रीतसर अर्ज करायला लावला. एकशे बारा पानांच्या झेरॉक्स काढल्या. प्रत्येक पानावर 'खरी नक्कल' शिक्का, ठाण्याची मोहोर आणि माझी सही. दोन दिवस महिला शिपाई शिक्के मारत होती. तिसऱ्या दिवशी तिने मनगटाला तेल चोळून घेतले.

मुलीने ती एक गाडी फोडून दोन केल्या. ट्रक एकतीस झाले आणि त्या घर विकायला लावणाऱ्या परताव्याची जागा साध्या आकड्याने घेतली. गुरुवारी तिने प्रबंध मार्गदर्शकांपुढे ठेवला. परिशिष्टातला पहिला शिक्का पाहून त्यांनी चष्मा पुसला, दुसरा पाहून पेन काढले. एकही शंका न विचारता सही केली, असे ती पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. सरकारी कागद जुळवताना माणूस फार सावध असतो, घरच्यांचे मन राखताना नसतो. त्यानंतर प्रत्येक तपासात मी कागदपत्रे मागण्याआधी घरी कोण कोण असते ते विचारू लागलो.

दुसरी गोष्ट कबूल करायला थोडी जड जाते. तीन आठवडे ती मुलगी धुळीत बसून बरोबर मोजत होती. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितले, तू चुकलीस. मी कागदावर गणित मांडून तेच सांगितले. तिची मोजणी अचूक आहे यावर पहिल्या दिवसापासून एकाच माणसाचा विश्वास होता, आणि म्हणूनच तो फाइल घेऊन ठाण्यात आला होता.