टाळी चुकवणारी ठकी

घराच्या पुढच्या खोलीत बालवर्ग चालवता चालवता बाईंचे केस पांढरे झाले होते. भल्याभल्या हट्टी पोरांना त्यांनी वळण लावलं होतं. पण स्वतःच्या नातीपुढे, ठकीपुढे मात्र त्यांनी हात टेकले.

खेळ तसा सोपा होता. बाईंनी दोन शब्द म्हणायचे, शेवट जुळला तर पोरांनी टाळी द्यायची, नाही जुळला तर गप्प बसायचं.

"डोळा, गोळा!" सगळ्यांच्या टाळ्या.

"डोळा, मोजा!" एकटी ठकीच टाळी वाजवायची. पोरं खिदळायची आणि बाईंचा पारा चढायचा.

"मुद्दाम करतेस ना गं?"

ठकी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राही. ते बघणंच एक दिवस बाईंना खटकलं. त्यांनी पाटी तोंडापुढे धरली आणि हळूच विचारलं, "ठके, चित्र काढायचं?" ठकी ढिम्म हलली नाही. पोर ओठ बघून समजून घेते, हे बाईंच्या ध्यानात आलं. पोरीला शब्दांतला 'ओ' नि 'आ' तेवढा ऐकू येत असावा. मग तिच्या लेखी डोळा काय नि मोजा काय, सारखेच!

जेवताना त्यांनी विषय काढला. सुनेचा हात ताटातच थांबला.

"तुम्हाला शिकवता आलं नाही म्हणून माझी पोर बहिरी का?"

"अगं, तसं नाही म्हणत मी. एकदा कान तपासून घेऊ."

"हाक मारली की धावत येते ती!"

मुलगा कधी आईकडे, कधी बायकोकडे बघत भात चिवडत राहिला. दुसऱ्या दिवसापासून ठकी वर्गात येईनाशी झाली. सासू-सुनेचं बोलणं 'दूध आलं', 'गॅस संपला' इतक्यावर आलं. बाईंना वाटे, आपलंच चुकत असलं तर? आणि चुकत नसलं तर?

मग एका दुपारी सून धापा टाकत घरात शिरली. पोरीला तिने छातीशी घट्ट धरलं होतं.

"मागून सायकलवाला सारखी घंटी वाजवत होता, आई. ही सरकलीच नाही. त्यानेच भिंतीवर सायकल घातली म्हणून..."

बाईंनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. त्यांनी चपला घातल्या.

दवाखान्यात तपासणीच्या काचेच्या खोलीत ठकी एकटी बसली होती, कानांवर भलेमोठे हेडफोन लावून. आवाज आला की तिने हात वर करायचा होता. पोरीचा हात बराच वेळ वर गेला नाही, तशी सुनेने सासूचं मनगट आवळलं. बारीक, टोकदार आवाज तिला जवळजवळ येतच नव्हते. जन्मापासूनच असेल, डॉक्टर म्हणाले. कानात ऐकू येण्याचं यंत्र लावलं की बराच फरक पडेल.

पडला, पण लगेच नाही. यंत्र लावलं की ठकी रडायची, उपटून पलंगाखाली फेकायची. सून पुन्हा लावायची. पोर झोपली की तिला बिलगून म्हणायची, "मी दटावत होते गं तुला, ऐकत नाहीस म्हणून." बाई दोघींवर पांघरूण घालत.

पावडरचा डबा, कंगवा, बशी असं हाताला येईल ते घेऊन दोघी तिच्याशी खेळत. एका सकाळी सून चहा ओतत होती. ठकीने बोट रोखलं.

"बशी."

"हं, बशी."

"उशी." ती जराशी थांबली. मग दाढी करणाऱ्या बापाकडे वळून ओरडली, "मिशी!"

चहा बशीबाहेर सांडला. सुनेने तो पुसलाच नाही. खाली बसून तिने लेकीला जवळ ओढलं.

"अजून एक सांग," ती म्हणाली.