खाडीत जिताडा आढळला नाही

मंगळवारी अलिबागला सुनावणी होती. रस्त्यासाठी आमच्या खाडीच्या तोंडावर भराव टाकायचा की नाही, याची. तिथे जे झालं त्याची सुरुवात आमच्याच घरातून झाली, म्हणून लिहिते आहे.

माझी धाकटी जाऊ हिरा या खाडीत जाळं लावते. तिचं घर त्यावर चालतं. पावसाळ्यानंतर मानसी नावाची एक संशोधक मुलगी मासे तपासायला आली. मासा जे खातो त्याची खूण, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनचे आयसोटोप, त्याच्या मांसात कित्येक महिने टिकते. तो कुठे चरला, कुठून आला, हे त्यावरून कळतं. मी झूऑलॉजीत बीएस्सी केलं तेव्हा हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं...

जिताडा हा समुद्रातला मोठा मासा वाढायला खाडीत येतो हे तिच्या अहवालात आलं, तर भरावाला हरकत घेता येणार होती. हिरानं रोज जाळं लावलं. बोईट मिळाले, कोळंबी मिळाली, जिताडा नाही. शेवटच्या दिवशी मात्र तिनं हातभर लांब जिताडा आणून दिला. सगळी आळी खूश.

मग मानसीचा फोन आला... "मावशी, तो मासा खाडीत चरलेलाच नाही. कोंबडीच्या आतड्यांवर पोसलाय."

आमच्याकडे घरामागच्या तळ्यात कोंबडीची आतडी घालून जिताडा पाळतात आणि पाहुण्यासाठी तोच काढतात. मी सरळ हिराला विचारलं.

"मग काय करू, ताई? पोर इतकं दिस उन्हात उभी, तिला रिकामी धाडू? जिताडा तो जिताडा. त्याच्या तोंडावर लिवलंय काय, कुठला हाय?"

"मांसात लिहिलंय," मी म्हटलं.

"मग तिला सांगा, र्‍हाऊ दे तसाच. तुमचं ऐकंल ती."

मी सांगितलं नाही. खोटा नमुना ठेव, असं मी कुणालाही सांगणार नाही. हिरानं माझ्याशी बोलणं टाकलं.

सुनावणीत समोरच्या वकिलानं अहवालातलं एकच वाक्य वाचलं. खाडीत जिताडा आढळला नाही. मासाच नाही, तर नुकसान कुणाचं? वाक्य खरं होतं. पण पूर्वी मिळायचा तो आता का उरला नाही, हे कुणी विचारलं नाही... निकाल काय लागणार ते तिथेच कळलं.

परतताना एसटीत हिरा माझ्या शेजारी येऊन बसली. पेझारीचा थांबा गेल्यावर म्हणाली, "तळ्यात अजून हायेत दोन-तीन. खाडीत सोडले, तर होतील खाडीचे?"

होतात. खाडीतलं खात राहिले की काही महिन्यांत मांसात खाडी उतरते. मानसीनं शिकवलेलं हे मला तिला सांगता आलं, एवढ्यासाठी त्या मुलीचे आभार.

भराव त्याच्या आधी पडेल का, हे हिरानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.