मोठेबाबाच्या गाडीचा कोरडा पाऊस

घरात नवीन गाडी आली का तिच्यासंग किस्सेबी येतात, बैलासंग गोचीड आल्यासारखे. एक उपटाव तं बाजूले दुसरा दिसते. आमच्या मोठेबाबाच्या लाल गाडीचे तं इतके झाले का आता आमच्या कोंढा गावच्या पानठेल्यावर मले कोणी "कसा हायेस" विचारत नाई. डायरेक्ट म्हणतात, "बंट्या, वायपरचा सांग बे!"

तं पहिला गोलूचा.

मोठेबाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ. शाळेत विज्ञान शिकवतात. गाडी त्यायनं सगळ्यात वरच्या मॉडेलची घेतली, म्हणून तिचे वायपर ऑटोमॅटिक. मंधातल्या आरशाच्या मागं काचेले एक सेन्सर चिपकवला हाये. काचेवर बाहेरून पाणी पडलं का त्याले समजते, अन वायपर आपोआप चालू!

माहा दोस्त गोलू म्हणे, "फेकू नको बे. वायपरले का डोळे हायेत?"

म्या म्हटलं, "हिंमत असन तं सेन्सरच्या जागी जीभ लावून दाखव!"

आता शहाणा माणूस मगभर पाणी आणते. गोलू बोनटवर चढला! म्या चाबी फिरवली, बटन ऑटोवर टाकलं. गोलूनं डोळे मिटून काचेले जीभ लावली. सेन्सरनं घडीभर विचार केला असन, का बापा, हे कोणतं पाणी? मंग वायपर उठला तो थेट गोलूच्या गालावर, फाट्कन! जाताना हा गाल, येताना तो गाल!

आवाज ऐकून मोठेबाबा बाहेर धावले. पाहतात तं गोलू बोनटवर, जीभ बाहेर, दोन्ही गाल लाल.

"काय चालू हाये इथं?"

गोलू म्हणे, "गुरुजी, वायपर! एकदम बरोबर चालते!"

त्या दिवसापासून गाडीले काही झालं का नाव माहंच.

* * *

अन नेमकं पुढच्याच हप्त्यात झालं!

धान कापणीचे दिवस. पवनीच्या रोडनं लोकायनं डांबरावर धान वाळू घातलं होतं. आभाळात ढगाचा तुकडा नाई. मोठेबाबा गाडी घेऊन निघाले, अन वायपर चालू! कोरड्या काचेवर कर्रर-कर्रर, कर्रर-कर्रर.

रोडच्या बाजूले सुखदेवकाका खाटेवर बसून धान राखत होते. त्यायनं गाडी पाह्यली, आभाळ पाह्यलं, अन एकदम बोंबलले, "अगे, ताडपत्री आण! पाणी येऊन राह्यलं!"

काकू म्हणे, "कुठं हाये पाणी?"

"गुरुजीच्या गाडीले समजलं, तुले का समजते?"

काकाले पाहून शेजाऱ्यानं झाकलं. शेजाऱ्याले पाहून त्याच्या शेजाऱ्यानं. मोठेबाबा पवनीले पोचेपर्यंत अख्ख्या रोडचं धान ताडपत्रीखाली! थेंब पडला नाई. पण लोकायचा भरोसा असा का, दुसऱ्या दिवशी पहाटेच फोन, "गुरुजी, गाडी काय म्हणते? धान काढू का राहू देऊ?"

मोठेबाबा ओरडले, "अरे, ते गाडी हाये, हवामान खातं नोहे!"

तिकडून सुखदेवकाका म्हणे, "बरोबर. हवामान खातं इतलं लवकर नाई सांगत."

* * *

मंग गाडी पवनीले बबलू मिस्त्रीकडं नेली. बबलूभाऊनं मशीन लावली, स्क्रीन पाह्यली, मान हालवली.

"गुरुजी, गाडी म्हणते मले काहीच नाई झालं."

"मंग वायपर?"

"ते वायपरले विचारा लागन."

शेवटी त्यानं काच शॅम्पूनं घासून घासून धुतली. ऑटोवर टाकलं, वायपर गुपचाप बसला. मगानं पाणी मारलं, बरोबर चालला. पुसलं, थांबला. मोठेबाबा खुश! घरी आणली. सकाळी पुन्हा कर्रर-कर्रर!

असं तीन-चारदा झालं. बबलूभाऊ धुवे तवा चांगली, आमच्या घरी झोपली का बिघडली. बबलूभाऊ कटाळून म्हणे, "गुरुजी, ऑटो बंद करा ना. हातानं चालवा."

मोठेबाबा म्हणे, "सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं, ते का बंद ठेवाले?"

घरी मोठीआई, म्हणजे मोठेबाबाची बायको म्हणे, "मी सांगतो, नजर लागली गाडीले. लिंबू-मिरची बांधा."

बस्स! मोठेबाबानं स्वयंपाकघरातच पिरेड घेतला. उजेड डोळ्यात कसा येते, डोळ्यातून बाहेर काहीच कसं जात नाई, अन नजर लागते म्हणणं म्हणजे कसं अडाणीपण! भाकरी करपली तरी पिरेड सुटला नाई. शेवटी खडूसारखं बोट माह्याकडं करून म्हणे, "नजर-बिजर नोहे. हे याचं काम हाये!"

अन मजा पाहा, जिंदगीत पहिल्यांदा म्या खरंच काही केलं नव्हतं!

* * *

आता यात माहं काय अडलं होतं ते सांगतो. मोठेबाबाच्या पोराचं, म्हणजे पंकजदादाचं लग्न ठरलं होतं. वरात आंबागडले जायची, नवरदेव याच लाल गाडीत, अन समोरच्या सीटवर मी! दादानं तसं कबूल केलं होतं. म्या पांढरे बूट घेऊन ठेवले होते. डीजेपुढं कोणत्या गाण्यावर कसं लोळायचं हे बी गोलूसंग ठरलं होतं.

मोठेबाबानं सांगून टाकलं, "लग्नापर्यंत हा वायपर सुधरला नाई, तं तू वरातीत नाई. घरी राहून म्हशी पाहजो."

म्या देवाची शपथ घेतली, आईची घेतली, बुटायची घेतली. कोणी ऐकन तं खरं!

उलट मले घरातूनच हाकललं. "दोन दिवस आत्याकडं राह्य. मंग पाहू वायपर कसा चालते."

आत्याचं घर गोसीखुर्दच्या धरणाकडं, नव्या गावठाणात. म्या मजेत मासे खाऊन राह्यलो होतो, तं सकाळीच फोन.

"बंट्या, बंद कर!"

"काय बंद करू, मोठेबाबा? मासा खाऊन राह्यलो."

"वायपर बंद कर! तिकडून मोबाईलवर चालवून राह्यला तू! आजकालच्या गाड्या मोबाईलवर चालतात, मले मालूम हाये!"

आत्यानं माह्या हातातून फोन घेतला. "दादा, याच्या मोबाईलात गेल्या महिन्यापासून रिचार्ज नाई. माह्या वायफायवर रडून राह्यला हा. तुमचा वायपर कुठून चालवन?"

मोठेबाबा म्हणे, "म्हणजे वायफाय हाये ना तिथं!"

आता अशा माणसापुढं डोकं कुठं आपटाव?

* * *

लग्नाचा दिवस आला.

गाडी सजवली. बोनटवर झेंडूचा मोठा हार, काचेवरून गुलाबाच्या लडा. नवरदेव मागं बसला, बाजूले मोठीआई. आदल्या दिवशी बबलूभाऊनं काच धुतल्यावर वायपर गुपचाप होता, म्हणून मीबी पांढरे बूट घालून समोर बसलो. एकदाचा बसलो! मोठेबाबानं कपाळाले हात लावून गाडी चालू केली.

कर्रर!

वायपरनं गुलाबाची लड उचलली अन फेकली ते थेट बँडवाल्याच्या बाज्यात. दुसऱ्या फेऱ्यात झेंडूचा हार ओढून घेतला. तिसऱ्या फेऱ्यात काचेवर गुलाबाची चटणी! नवरदेवाले समोरचं काही दिसेना.

बबलूभाऊ वऱ्हाडात आला होता. सफारी घालून. तो धावत आला, फुलं काढली, अन खिशातला पांढरा रुमाल काढून आरशामागची काच बाहेरून पुसली. रुमाल काळा!

त्यानं वास घेतला. बोटावर घासून पाह्यलं.

"गुरुजी, हे तं काजळ हाये! तुपातलं! सेन्सरच्या बरोबर समोर कोणी ठिपका लावते. तिथं काचेले काळे ठिपके असतातच कंपनीचे, त्यात हा एक दिसन कसा? वायपर फिरला का तूप पसरते, सेन्सरले वाटते पाणी!"

सगळ्या वऱ्हाडानं माह्याकडं पाह्यलं. गोलूनं बी! ज्यानं जीभ लावली त्यानं!

पंकजदादा मागून म्हणे, "उतर बंट्या."

"दादा, मी नाई लावलं..."

"उतर म्हटलं ना! माह्या लग्नातबी तुले मस्करी सुचते?"

म्या दार उघडलं. एक बूट मातीत ठेवला.

तवा मोठेबाबा स्टिअरिंगकडं पाहत म्हणे, "थांब. बस तू."

कोणाले काही समजलं नाई. मोठेबाबानं सदऱ्याच्या खिशात हात घातला अन एक लहानशी डबी काढून डॅशबोर्डवर ठेवली.

मोठीआई मागूनच चिरकली, "अगे माय! हे तं माही काजळाची डबी! मी कामवालीले बोलली ना हो त्याच्यासाठी!"

"म्या घेतली," मोठेबाबा म्हणे. "रोज सकाळी म्याच लावतो. समोर लावलं तं लोकायले दिसते, म्हणून आरशामागं लावत होतो. त्यानं वायपर चालते हे मले का मालूम?"

बँडवाले बी वाजवायचं सोडून पाहून राह्यले. वऱ्हाडात अर्धे लोक त्यायच्याच हाताखाली विज्ञान शिकलेले!

गोलूले राह्यवलं नाई. खिडकीत डोकं घालून म्हणे, "पण गुरुजी, तुमीच तं शाळेत सांगितलं ना, का नजर नसते म्हणून?"

मोठेबाबानं काच वर करता करता सांगितलं,

"नसतेच! पण लाल गाडीले लागते!"