अर्धं बॉनेट

गॅरेजात त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. त्यानं पॉलिश केलेल्या दारात बघून गिऱ्हाइकानं दाढीचा चुकून राहिलेला केस उपटावा, अशी त्याच्या हाताची ख्याती. बायको मात्र म्हणायची, की यांनी गाड्यांची तोंडं जितकी निरखली तितकं माझं निरखलं असतं, तर मी एव्हाना लाजून मेले असते.

गॅरेज तिच्या धाकट्या भावाचं. म्हणजे आरसा मालकाचा भाऊजी. ही नोकरी मोठी अवघड असते. मालकाला धड रागावता येत नाही आणि भाऊजींना रुसल्याशिवाय राहवत नाही. त्यातून मालकाला बफिंगचं, म्हणजे पॉलिशचं, मशीन धरायला शिकवलं आरशानंच. शिकवताना इतक्या टपल्या हाणल्या होत्या, की मालक अजूनही मशीन सुरू करताना आधी मान आत घेतो, असं ठोक्या सांगायचा. ठोक्या म्हणजे शेजारी पत्रा सरळ करणारा डेंटर. त्याची हातोडी दुपारी विश्रांती घ्यायची, जीभ नाही.

आरशाचा धर्म होता तीन बाटल्यांचा. पहिली जाड कंपाउंडची, लोकरीच्या पॅडवर घ्यायची. ती रंगावरचे ओरखडे कापते, पण जाताना स्वतःचे बारीक वळसे मागे ठेवते. दुसरी मधली, स्पंजाच्या पॅडवर. ती पहिलीचं निस्तरते. तिसरी मऊ, ती दुसरीचं. “सासूचं सुनेनं निस्तरायचं, सुनेचं नातीनं, आणि येणारा-जाणारा नावाजणार नातीला,” असं तो म्हणायचा, आणि नवीन माणूस हसेपर्यंत थांबायचा.

अशा घरात मालकानं एक दिवस एकच बाटली आणली. कापायलाही तीच, चमकवायलाही तीच. पॅड बदलायचं, बाटली नाही. वेळ निम्मा. आरसा आधी हसला, मग चिडला, मग जेवणाच्या सुट्टीत मालकाकडे पाठ करून बसला. कुऱ्हाड मारायची आणि रंधाही तिनंच फिरवायचा, असं कुठं असतं का, हे त्यानं ठोक्याला ऐकू जाईल इतक्या आणि मालकाला ऐकू जाईलच इतक्या आवाजात विचारलं. ही बाटली ओरखडे काढत नाही, तेल चोपडून बुजवते. स्पिरिटनं पुसा, की पितळ उघडं.

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण आवाजाला जी धार चढली होती, ती बाटलीमुळे नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला सांगून ठेवलं होतं, की पडद्याचा मधला भाग झिजतोय. गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती टिकेल ते विचारू नका. बायको सोबत आली होती. दवाखान्याच्या जिन्यातच त्यानं तिला शपथ घातली, की भावाला कळता कामा नये. कळलं तर मशीन हातातून जाणार होतं, आणि मशीनशिवाय आरसा म्हणजे काय, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून समोर धरलेली वस्तू मधोमध विरून जायची. नीट बघायचं तर मान वळवून, कडेच्या नजरेनं, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. गॅरेजात सगळ्यांना वाटलं, उस्तादांची ऐट वाढली. ठोक्यानं त्या मान वळवण्याची हुबेहूब नक्कल केली, तेव्हा सर्वांत मोठ्यानं आरसाच हसला.

डोळा चुकला तर हात सावरेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. हात कधी चुकला नव्हता. निदान तसं कुणी म्हटलं नव्हतं. दोनदा धुतल्यावर चमक गेली म्हणून अधूनमधून एखादं गिऱ्हाईक परत यायचं, पण आरसा त्याला ठणकावून सांगायचा, की तुमचं पुसायचं फडकं खराब. गिऱ्हाईक ओशाळून नवं फडकं घ्यायला जायचं.

शेवटी रुसव्याला कंटाळून मालकानंच तोड काढली. ठोक्यानं ठोकून, रंगवून घेतलेलं एक काळं बॉनेट स्टँडवर होतं. काळ्या रंगाइतकी चहाडखोर वस्तू जगात नाही. झालेली प्रत्येक चूक तो सांगतो. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावायची. अर्ध्यावर भाऊजींच्या तीन बाटल्या, अर्ध्यावर मालक स्वतः त्या एका बाटलीनं. मग भाऊजींनी पाठ फिरवायची, ठोक्यानं बॉनेटच्या कडा कागदानं झाकून स्टँड गरागरा फिरवायचं, आणि कुठली बाजू कुणाची ते भाऊजींनी ओळखायचं. ओळखलं तर नवी बाटली परत. आरशानं वर आपली अट घातली: आधी स्पिरिटनं पुसायचं आणि बॉनेट उन्हात न्यायचं, म्हणजे तेलाची लबाडी चालणार नाही.

“भाऊजी, तुम्ही म्हणाल तसं,” मालक म्हणाला आणि मान आत घेऊन त्यानं मशीन सुरू केलं.

आरशानं आपली बाजू मनापासून केली. हल्ली तो कानानं काम करायचा. पॅडखालचं कंपाउंड वाळत आलं की आवाज कोरडा होतो, तेव्हा थांबायचं. पृष्ठभागावरून बोटाची पेरं फिरवली, कुठं अडकली नाहीत. दिवा त्यानं जवळ ओढला, आणखी जवळ ओढला, आणि बल्ब जुना झालाय असं पुटपुटला. बल्ब नुकताच बदललेला होता.

मग स्पिरिट झालं, स्टँड फिरवून झालं, बॉनेट अंगणात आलं. ऊन असं, की आंधळ्यालाही रस्ता दिसावा. आरशानं मान वळवली आणि कडेच्या नजरेनं बघितलं. एक बाजू विहिरीच्या पाण्यासारखी काळी. दुसऱ्या बाजूवर सूर्याच्या गोळ्याभोवती बारीक वळशांची जाळी पसरलेली. त्याच्या जिवात जीव आला. दिसलं होतं. अजून दिसत होतं.

“ही घ्या तुमची एक बाटली,” तो जाळीवर बोट ठेवून म्हणाला. “लोकरीचे वळसे जसेच्या तसे, वरून फासलेलं तेल तेवढं स्पिरिटनं गेलं. याला पॉलिश नाही म्हणत, सारवण म्हणतात. कोळ्यानं बिऱ्हाड केलंय बघा इथं. असलं काम करणाऱ्याला मी मशीनला शिवू दिलं नसतं.”

कुणी हसलं नाही. ठोक्यासुद्धा नाही. ठोक्यानं बॉनेटच्या खालच्या अंगाला खडूची खूण केली होती. त्यानं वाकून ती पाहिली आणि मालकाकडे बघितलं.

“भाऊजी,” मालक हळूच म्हणाला, “ही बाजू तुमची आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अट त्याची, स्पिरिट त्याचं, ऊनही त्यानंच मागितलेलं. आरसा बॉनेटवर बोट ठेवून तसाच उभा राहिला. त्याला बॉनेट दिसत नव्हतं, दिसत होती ती फडकी घ्यायला गेलेली माणसं. किती जणांना त्यानं ओशाळवून हाकललं होतं, आणि कुणाचंच फडकं खराब नव्हतं.

त्यानं बोट हळूहळू मालकाच्या बाजूला नेलं, मान अजून वळवली. तिथंही काळ्याखाली किंचित धुरकट छटा होती. तिसरी बाटली चांगल्या डोळ्याच्या माणसानं फिरवली असती, तर ती गेली असती. म्हणजे त्याचा धर्म खरा होता. पण तो खरा ठरवायचा तर सांगावं लागणार होतं, की बाटल्या नाही हरल्या, डोळे हरले. मग मशीन जाईल, आणि मेहुणा माणूस चांगला, त्यामुळे फाटकाजवळ सावलीत एक खुर्ची येईल. लोक येता-जाता तब्येत विचारतील.

“एक बाटली पुरे आहे,” आरसा म्हणाला. “माझंच चुकत होतं.”

मालकाच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. भाऊजी हरले ते बाटलीकडून हरले, माणसाकडून नाही, म्हणून त्यालाही बरं वाटलं. जुन्या तीन बाटल्या त्यानं फडताळात मागे सरकवल्या. ठोक्या मात्र आरशाच्या वळलेल्या मानेकडे बराच वेळ बघत राहिला, आणि त्यानंतर त्यानं ती नक्कल पुन्हा कधी केली नाही. आरशाला ते नकलेपेक्षा जास्त लागलं.

घरी बायकोनं पाणी हातात दिलं, पेला त्याच्या बोटांत नीट बसला याची खात्री करून मगच सोडला, आणि काय झालं विचारलं. त्यानं सांगितलं, बाटली चांगली निघाली. ती समोर बसली. गाड्या सोडून त्यानं आपलं तोंड निरखावं असं जन्मभर म्हणणारी बाई, आता तो मान वळवून बघायला लागला तर तिला ते बघवेना.

“भावाला मी सांगू का?” तिनं विचारलं.

“काय सांगणार? त्याला वाटतंय माझं डोकं जुनं झालं. वाटू दे.”

दुसऱ्या दिवशी आरसा एकाच बाटलीनं कामाला लागला. एक काळी गाडी त्यानं दुपारपर्यंत संपवली, निम्म्या वेळात. ठोक्या हात पुसत आला, गाडीभोवती फिरला, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, की डाव्या दाराच्या खालच्या अंगाला जाळी राहिलीये.

आरसा गुडघ्यांवर बसला. मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. दिवा जवळ ओढला. बोट फिरवलं. दार त्याला सगळीकडे सारखंच चकाकताना दिसत होतं.

“कुठं?” त्यानं विचारलं.

ठोक्यानं त्याचं बोट धरून जागेवर नेऊन ठेवलं.